काटा शून्यावर, गाडी उतारावर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी घेऊन येताना आमची गाडी आरे-वारेलाच बंद पडायची. रत्नागिरीला जाताना कधीच नाही. परतीला, इंजिन चांगलं तापलं की हमखास. डिकीत बांगड्यांवरचा बर्फ विरघळतोय, घरी पाहुणे जेवणाची वाट बघतायत आणि मी रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी. वीसेक मिनिटांनी चावी फिरवली की बाईसाहेब काही झालंच नाही अशा चालू.

गॅरेजवाल्या दादांनी अर्धंच ऐकून फ्युएल पंप बदलला. पाच हजार गेले. चौथ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता, तेच बांगडे.

पुढच्या खेपेला मात्र ती उतारावर चालता चालताच बंद पडली, आणि तिथेच चोर सापडला. गाडी तिसऱ्या गिअरात, क्लच दाबलेला नाही. म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होतीच. तरी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा धपकन शून्यावर! इंजिन फिरतंय आणि ते कॉम्प्युटरला दिसतच नाही. घरी येऊन भावोजींचा बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर कोड पी0335. क्रँक सेन्सर.

क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा. त्याच्याबरोबर एक दातेरी चक्र फिरतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर 60 दात्यांची जागा असते, पण दोन मुद्दाम गाळलेले. ती फट समोरून गेली की क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं आणि ठिणगी कधी, पेट्रोल कधी, ते ठरतं. सेन्सर मुका झाला की दोन्ही बंद.

आमचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला, एअर फिल्टरच्या डब्याखाली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, डबा काढला. 10 नंबरचा एकच बोल्ट, पण खाऱ्या वाऱ्याने पार गंजलेला. गंज सोडवणारा डब्ल्यूडी-40 स्प्रे मारून दुपारची भांडी घासून आले, मग सुटला. सेन्सर मात्र भोकात चिकटून बसलेला, भोवती अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी. इथे भावोजी स्क्रूड्रायव्हर घेऊन सरसावले. त्यांना म्हटलं, भावोजी, राहू द्या, टोक आत तुटलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मीच डावी-उजवीकडे थोडं थोडं पिळत राहिले, पंधरा मिनिटांनी निघाला. टोकाला लोखंडाच्या बारीक कणांची दाढी.

नवीन घालण्याआधी जुन्याशेजारी धरून लांबी आणि सॉकेट बघितलं, भोक पुसलं, ओ-रिंगला (सेन्सरवरच्या रबरी कड्याला) बोटभर इंजिन ऑइल लावलं. हाताने दाबल्यावर गेला. नाही गेला तर ठोकायचा नाही, पुन्हा भोक साफ करायचं.

रात्री मला राहवेना. जुना सेन्सर मल्टिमीटरला लावला: थंड असताना साडेआठशे ओहमच्या आसपास, अगदी शहाणा. मग खोलीतला हेअर ड्रायर त्याच्यावर धरला. तीन-चार मिनिटांत आकडा नाचायला लागला आणि मग डाव्या कोपऱ्यात नुसता 1, म्हणजे आतली वाट तुटलेली. आतली तार तापली की तुटते, निवली की जुळते. गॅरेजमध्ये थंड गाडीवर तपासणाऱ्याला तो चांगलाच दिसणार. (आमचा सेन्सर कॉइलवाला, म्हणजे आत तारेचं वेटोळं. हॉलवाल्यात इलेक्ट्रॉनिक चिप असते, त्याला असं ओहम लावून तपासू नका.)

जुना फ्युएल पंप मी दादांकडून मागून आणलाय. ठणठणीत आहे. सध्या माळ्यावर, फणसाच्या साठांच्या डब्याशेजारी.