धाक नसेल तर पोरं जिंकणार कशी? तुम्ही विचारलंत म्हणून

डोंबिवलीत मी शाळकरी मुलांना क्रिकेट शिकवते. सराव संपता संपता जाळीबाहेर उभ्या असलेल्या पालकांपैकी कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुम्ही पोरांवर आवाज का चढवत नाही? धाक नसेल तर जिंकणार कशी?" प्रश्न तळमळीचा असतो. फी, किट, रविवारच्या मॅचेस, या सगळ्यापायी त्या घराने बरंच काही बाजूला सारलेलं असतं. स्टंप आवरता आवरता त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी मैदानावरचं सांगते. उंच उडालेल्या झेलाखाली दोन पोरं धावत येतात. एकाने "माझा!" म्हणून ओरडायचं, दुसऱ्याने थांबायचं. पण ज्या संघात झेल सुटला की सगळ्यांदेखत खरडपट्टी निघते, तिथे "माझा" कोणी म्हणतच नाही. जो म्हणेल आणि सोडेल, बोलणी त्यालाच बसणार ना! मग दोघं एकमेकांकडे बघत राहतात आणि चेंडू मधोमध पडतो. धावा काढतानाही तेच. घाबरलेल्या पोराचा कॉल, म्हणजे धावायचं की थांबायचं ही हाक, उशिरा येते, अर्धवट येते, नाहीतर येतच नाही. पाय कमी पडले म्हणून धावबाद झालेली पोरं मी पाहिली आहेत, पण तोंडातून शब्द फुटला नाही म्हणून झालेली त्याहून जास्त.

आता ऑस्ट्रेलिया दौऱ्यातली डिसेंबर 2020 ची मेलबर्न कसोटी आठवून बघा. आधीच्या कसोटीत, ॲडलेडला, आपला संघ 36 धावांत गुंडाळला गेला होता. कोहली पहिल्या बाळाच्या जन्मासाठी घरी परतला होता, शमी हाताला चेंडू लागून बाहेर होता. कर्णधारपद आलं अजिंक्य रहाणेकडे, जो याच डोंबिवलीत वाढला आणि इथूनच किट घेऊन लोकलने मुंबई गाठायचा. त्याने शतक ठोकलं, जडेजाबरोबर 121 धावांची भागीदारी केली आणि 112 वर धावबाद झाला. जडेजा तेव्हा 49 वर होता. अर्धशतकाची ती एक धाव जडेजाला हवी होती, कॉलही त्याचाच होता. शतकवीर कर्णधार असा बाद झाला की पुढे काय होतं हे आपण गल्लीपासून बघत आलोय. बॅट आपटायची, हातवारे करायचे, जाता जाता जळजळीत नजर टाकायची. रहाणेने जाता जाता जडेजाला थोपटलं आणि तो पॅव्हेलियनकडे चालू लागला. जडेजाने अर्धशतक पुरं केलं, 131 ची आघाडी मिळाली आणि सामना आपण 8 गडी राखून जिंकला. हा तुकडा मी पोरांना मोबाइलवर दाखवते. चौकार-षटकार ती आपले आपण शोधून बघतातच, मला ही थाप दाखवायची असते.

"तो स्वभावानेच शांत आहे हो," असं यावर मला ऐकवलं जातं. मला हे पटत नाही. शांत माणूस गप्पही बसू शकतो, आणि पुढच्याच कसोटीत गप्प बसणं फार सोपं होतं. मोहम्मद सिराज त्या दौऱ्यावर असतानाच हैदराबादला त्याचे रिक्षाचालक वडील गेले. घरी जायची मुभा असूनही तो थांबला. सिडनीची ती त्याची दुसरीच कसोटी. सीमारेषेवर त्याला प्रेक्षकांतून वांशिक शिव्या ऐकाव्या लागल्या. चौथ्या दिवशी त्याने ते कर्णधाराला सांगितलं. रहाणे पंचांकडे गेला, खेळ थांबला. मैदान सोडायचा पर्यायही समोर होता, पण आम्ही खेळणार, तुम्ही कारवाई करा, असं संघाने ठरवलं. पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने माफी मागितली आणि शिवीगाळ झाल्याचं चौकशीअंती मान्य केलं. इतक्या नवख्या गोलंदाजाला हे सांगावंसं वाटलं, "सोड रे, दुर्लक्ष कर" असं ऐकावं लागणार नाही याची त्याला खात्री होती, हे मला फार मोठं वाटतं. नेतृत्व जोखायला मला तरी याहून चांगली कसोटी माहीत नाही.

आणि हे टीव्हीपुरतं राहत नाही. त्यानंतरच्या मोसमात आमच्यातला एक मुलगा मॅच संपल्यावर माझ्याजवळ घुटमळत राहिला. तो फाइन लेगला, म्हणजे यष्टिरक्षकाच्या मागे सीमारेषेजवळ, उभा असताना समोरच्या संघातली पोरं त्याला रंगावरून हाका मारत होती. आधीही मारायची, तो कधी बोलला नव्हता. म्हणाला, "मॅडम, सिराजने सांगितलं ना, म्हणून मी पण सांगतोय." मी त्यांच्या सरांशी बोलले. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या पोरांना घेऊन येऊन माफी मागायला लावली. समाजावर परिणाम होतो म्हणजे काय होतं, असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवेन.

पण याला लाड समजू नका. 2022 च्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात, कोइम्बतूरला, पश्चिम विभागाचा यशस्वी जैस्वाल दक्षिण विभागाच्या फलंदाजाला सतत डिवचत होता. पंचांनी समज दिली, रहाणेनेही दिली. तरी थांबेना, तेव्हा कर्णधाराने त्याला सरळ मैदानाबाहेर पाठवलं. याच यशस्वीने त्या सामन्यात 265 धावा काढल्या होत्या. आपल्याच सर्वांत मोठ्या फलंदाजाला बाहेर काढून काही काळ एक क्षेत्ररक्षक कमी घेऊन खेळायचं, तेही प्रतिस्पर्ध्याच्या मानासाठी! ओरडण्याहून हे कितीतरी कडक आहे. आमच्याकडे समोरच्या पोराला भोपळ्यावरून चिडवणारा पुढची दोन षटकं बाहेर बसतो. आवाज न चढवता.

राहुल द्रविडची एक गोष्टही सांगायलाच हवी. 2018 मध्ये तो प्रशिक्षक असलेल्या संघाने 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने त्याला 50 लाख आणि त्याच्या बाकीच्या सहकाऱ्यांना (सहायक प्रशिक्षक वगैरे) प्रत्येकी 20 लाख जाहीर केले. काम सगळ्यांनी केलंय, मग हा फरक का, असं त्याने विचारलं. शेवटी सगळ्यांना 25 लाख मिळाले. त्याचे निम्मे गेले. हे ऐकल्यापासून आमची पोरं बक्षिसाच्या रकमेतून रोलर फिरवणाऱ्या मामांचा वाटा आपणहून काढतात.

राहिलं जिंकण्याचं. रहाणेने 6 कसोटींत भारताचं नेतृत्व केलं. 4 जिंकल्या, 2 अनिर्णित राहिल्या, हरली एकही नाही. पुढे धावा आटल्या, जागा गेली, ते वेगळं. आमची पोरं कधी जिंकतात, कधी हरतात, पण झेलाखाली "माझा" म्हणून ओरडतात, आणि मला आधी तेच हवं असतं.

तुमच्याकडून एकच मदत हवी आहे. मॅच संपल्यावर घरी पोचेपर्यंत, स्कूटरवर असा नाहीतर रिक्षात, "कसा आउट झालास?" हे विचारू नका. भूक लागली का ते विचारा. कसा आउट झाला ते त्याला पाठ असतं. त्याचं काय करायचं ते आम्ही दोघं मंगळवारी नेटमध्ये बघू.