गुडघा फिरला, बूट नाही फिरला

माझा डावा घोटा मुरगळला तो ठोसा खाऊन नव्हे, ठोसा मारताना.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या हॉलमध्ये आमची बॉक्सिंगची संध्याकाळी सातची बॅच असते. सर पॅड धरून समोर उभे. डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारायचा ठोसा, मारताना पुढच्या पायाची टाच जरा उचलायची आणि चवड्यावर गर्रकन फिरायचं, हे त्यांनी शंभरदा सांगितलेलं. "विडी विझवतोस तसा चवडा फिरव!" मी विडी ओढत नाही, पण मुद्दा कळला होता. फिरलो. कंबर फिरली, गुडघा फिरला, बूट मात्र होता तिथंच. पायात पळायचे शूज होते. जाड टाच, खाली गुबगुबीत फोम, सोलला खाचाच खाचा. खाचांनी रिंगच्या तळावरचा कॅनव्हास धरून ठेवला, फोम एका बाजूला दबला आणि घोटा बाहेरच्या अंगाला कलंडला. तीन आठवडे क्रेप बँडेज.

आबांनी बर्फाची पिशवी दिली आणि वर टोमणाही. "आमी लाल मातीत अनवाणी खेळलो. तुमास्नी बूट पायजेत!" आबांचं तरुणपण तालमीत गेलंय, त्यांना काय बोलणार? तरी एकदा म्हटलंच, पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, म्हणूनच जड गेलं. पुढं 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलंच की. पायाखाली काय आहे त्यावर खेळ बदलतो. आबा म्हणाले, "त्यांनी बुटाचं कारण सांगितलं न्हाई." विषय संपला.

आता माझी खरी चूक सांगतो. मी शिरोलीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर असतं, अर्ध्या मिलिमीटरसाठी मी लोकांचे कास्टिंग रिजेक्ट करतो. आणि तोच मी, घोटा बरा झाल्यावर, बेडवर आडवा पडून ऑनलाइन बॉक्सिंग शूज मागवले. नंबर आठ. का आठ? तर आधीचे पळायचे शूज आठ होते म्हणून. 4,200 रुपये.

आले ते दिसायला झकास होते, काळे-सोनेरी. पहिल्याच दिवशी तिसऱ्या राउंडला उजव्या पायाच्या करंगळीवर हा एवढा फोड. लांबीला पण तंग. मग खोक्यावरचं लेबल नीट वाचलं. तो आठ अमेरिकन होता, माझा आठ यूकेचा. त्यातही गंमत अशी की सगळ्या कंपन्यांचा हिशेब एक नाही. आदिदासच्या पुरुषांच्या बुटात यूके आणि यूएस नंबरात अर्ध्याचा फरक असतो, नायकेत पूर्ण एकाचा. म्हणजे यूके आठ हा एकीकडे यूएस साडेआठ, दुसरीकडे नऊ. नुसता 'आठ' म्हणजे काहीच नाही. सोल वापरलेला दिसत होता म्हणून दुकानदारानं परत घेतले नाहीत. त्याला दोष देत नाही, मी ते घालून तासभर घाम गाळला होता. बॅचमधल्या एका कॉलेजच्या पोराला निम्म्या किमतीत दिले. त्याचा पाय बारीक, त्याला मोज्यासारखे बसले.

मधल्या काळात चुलतभावाचे कुस्तीचे शूज घालून बघितले. कोल्हापुरात ते सहज मिळतात, मॅटवरची पोरं सगळी तेच घालतात. हलके, घोट्याला धरून बसणारे, टाच चपटी. नवख्या माणसानं यावर सहा महिने काढले तरी बिघडत नाही असं माझं मत आहे. पण त्यांचा रबर बोटांच्या बाजूनं वरपर्यंत चढलेला असतो, कारण मॅटवर पायाच्या कडेनंही रेटायचं असतं. पकड भरपूर. आमच्या कामाला जरा जास्तच भरपूर, हुकला पाय चिकटतो. बॉक्सिंगच्या बुटाला पुढं-मागं सरकताना धरणारा आणि चवड्यावर फिरताना सोडणारा सोल लागतो. बऱ्याच बुटांना चवड्याखाली गोल नक्षी असते ती त्यासाठीच. आणि टाच नको, खिळे तर नकोतच; स्पर्धेच्या नियमातही बूट असाच लागतो.

मार्ग सापडला तो भलत्याच ठिकाणी. दिवाळीला नवीन कोल्हापुरी करायची म्हणून चप्पल लाईनला गेलो होतो. आमचे ठरलेले मामा आहेत, आबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी जमिनीवर जुन्या कॅलेंडरचं पान पालथं टाकलं आणि म्हणाले, "हुबा ऱ्हा. दोन्ही पायांवर वजन टाक." पेन्सिल अगदी सरळ धरून त्यांनी पायाभोवती रेघ मारली. मग चवड्याभोवती टेप. दुसऱ्या पायाचं पण तेच. मी म्हटलं, बसून घेतलं तर? ते हसले. "बसल्यावर पाय झोपतोय. चालायला लागला की पसरतोय."

ते पान मी घरी मागून आणलं आणि शेवटी व्हर्नियर नाही तरी पट्टी लावली. उजवा 26.1 सेंटिमीटर, डावा 26.4. चवड्याची रुंदी 10.6. बसून मोजलं तर डावा 26 आणि रुंदी 10.1. अर्धा सेंटिमीटर पाय पसरतो! वर्षानुवर्षं चप्पल घालून आमच्या पायाची बोटं मोकळी पसरलेली, आणि बॉक्सिंगचे बूट बहुतेक पुढं निमुळते. करंगळीच्या फोडाचं ड्रॉइंगच समोर होतं. मामांना सगळी हकीकत सांगितली तर म्हणाले, "चामडं पायाचं ऐकतंय. चार दिवस चावंल, तेल लावलं की गप बसंल. ह्ये कापड-रबर कुणाचं ऐकायचं न्हाई. पयल्या दिवशी बसलं तर बसलं." माझ्या सगळ्या शोधात मिळालेला हा एकमेव उपयोगी सल्ला, आणि तो देणाऱ्यानं बॉक्सिंग फक्त टीव्हीवर बघितलंय.

मग ठरवलं, घालून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. इथल्या दोन-तीन दुकानांत ग्लोव्हज मिळाले, पंचिंग बॅग मिळाली, बूट म्हटलं की "मागवून देतो". मागवून तर मीच फसलो होतो. लग्नाच्या निमित्तानं पुण्याला जायचं होतं, तिथं एका मोठ्या दुकानात संध्याकाळी गेलो. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. प्रॅक्टिसचे जाड मोजे खिशात होते, कॅलेंडरचं पान पण.

पहिलं काम, बुटातला आतला पातळ सोल बाहेर काढला आणि त्यावर उभा राहिलो. करंगळी कडेच्या बाहेर आली की तो बूट बाद. पाचातले तीन इथंच बाद झाले. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, घालून तर बघा." म्हटलं, घालायची गरजच नाही रे. उरलेले दोन हातात धरून वाकवले. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध मोडता कामा नये. एक मधोमध दुमडला. राहिला एकच, घोट्याच्या जरा वर येणारा. पिंढरीपर्यंत चढणारे उंच बूटही होते, आणि घोटा दुखावलेला म्हटल्यावर पोरगा तेच पुढं करत होता. उंच बुटानं घोट्याला आधार वाटतो हे खरं, पण तो काही प्लास्टर नाही. घोटा सांभाळायचा तर एका पायावर उभं राहायचा व्यायाम करावाच लागतो. आणि कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये पिंढरीपर्यंत बूट घालून कोण उकडून घेणार?

लेस बांधून चवड्यावर उभा राहिलो, टाच आतून सुटते का बघितलं. नाही सुटली. पुढं बोटाच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर मोकळं, पळायच्या बुटापेक्षा कमीच. मग रॅकच्या मधल्या बोळात जॅब, क्रॉस, हुक, सगळे ठोसे हवेत मारून बघितले. एक आजोबा नातवाला घेऊन बाजूला झाले. चवडा फिरला, गुडघा त्याच्याबरोबर फिरला. यूके साडेआठ होता तो. घरच्या तराजूवर एक बूट 285 ग्रॅम भरला, माझा पळायचा 370 होता.

हे बूट मी हॉलमध्ये जाऊन घालतो, बाहेर नाही. सोल पातळ असतो, रस्त्यावर आठवड्यात घासून जाईल. दोरीच्या उड्या फरशीवर असतात, त्या जुन्या पळायच्या बुटातच मारतो. पातळ सोलवर नडगी दुखायला लागते. रिंगमध्ये जायच्या आधी ओल्या फडक्यावर दोन्ही सोल पुसायचे, धूळ असली की कॅनव्हासवर सटकतात. पावसाळ्यात आतून चार दिवस वाळत नाहीत म्हणून 'पुढारी'चे बोळे कोंबून ठेवतो, आणि आबा सकाळी पेपर शोधत फिरतात.

चप्पल तयार झाली तेव्हा मुद्दाम बूट दाखवायला घेऊन गेलो. मामांनी चष्मा वर केला, बूट उलटा केला, चवड्यापाशी अंगठ्यानं दाबून बघितला, शिवणीवरनं नख फिरवलं.

"शिवण बरी हाय," म्हणाले. मग माझी नवी कोल्हापुरी खाली ठेवून त्यावर हातानं दाब दिला. कर्र वाजली. "पर ह्यो वाजत न्हाई की ओ."