न जमलेला प्रयोग आणि गावलंड हॉपकिन्स

१९०० च्या आसपास केंब्रिजमध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना प्रथिने ओळखण्याची एक चाचणी शिकवली जात असे. प्रथिनाच्या द्रावणात ॲसेटिक आम्ल मिसळून त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडले की जांभळा रंग यावा, अशी अपेक्षा असे. एका वर्गात जॉन मेलनबी या विद्यार्थ्याला काही केल्या तो रंग मिळेना. अशा वेळी प्रात्यक्षिके घेणारे शिक्षक काय सांगतात, हे आपल्याकडे विज्ञान शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते: दुसरी बाटली घे, शेजाऱ्याचे निरीक्षण उतरव आणि जर्नल पूर्ण कर. त्या वर्गाचे शिक्षक फ्रेडरिक गावलंड हॉपकिन्स मात्र त्या बाटलीच्याच मागे लागले. जांभळा रंग ॲसेटिक आम्लामुळे येत नसून त्यात अशुद्धी म्हणून असणाऱ्या ग्लायऑक्सिलिक आम्लामुळे येतो, असे त्यांना आढळले. विद्यार्थ्याच्या बाटलीतले आम्ल अधिक शुद्ध होते, एवढाच काय तो त्याचा दोष. मग प्रथिनातला नेमका कोणता घटक हा रंग देतो, याचा शोध त्यांनी सिडनी कोल यांच्यासह घेतला आणि १९०१ मध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्यांपैकी एक घटक, वेगळे काढले.

हॉपकिन्स यांची ओळख सामान्यतः 'जीवनसत्त्वांसाठी नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ' अशी एका ओळीत करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. माझ्या मते त्यांचे अधिक मोठे काम म्हणजे त्यांनी केंब्रिजमध्ये उभा केलेला विभाग आणि तिथे घडलेली माणसे.

त्यांचा स्वतःचा प्रवास मात्र आडवळणाचा होता. २० जून १८६१ रोजी ईस्टबोर्न येथे त्यांचा जन्म झाला आणि ते तान्हे असतानाच वडील वारले. शाळेत मन रमले नाही. पुढे काही महिने विमा कंपनीच्या कचेरीत काढून ते लंडनमध्ये एका रासायनिक विश्लेषकाकडे उमेदवारी करू लागले. सतराव्या वर्षी, १८७८ मध्ये, कीटकशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यांचे बॉम्बार्डियर भुंगेऱ्याने सोडलेल्या वाफेवरील छोटे टिपण छापून आले होते. कीटकांची ही ओढ पुढे फुलपाखरांच्या पंखांतील रंगद्रव्यांच्या अभ्यासापर्यंत पोहोचली. गायज हॉस्पिटलमध्ये ते विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी नमुने तपासणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन यांचे साहाय्यक झाले, वारसाहक्काने थोडे पैसे हाती आल्यावर १८८८ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला लागले आणि ते १८९४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास, पूर्ण केले.

१८९८ मध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी त्यांना केंब्रिजला बोलावले. पगार वर्षाला २०० पौंड होता आणि संसार नुकताच सुरू झाला होता. त्यामुळे इमॅन्युएल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शिकवणे, त्यांची देखरेख करणे आणि उरलेल्या वेळात संशोधन करणे, असा क्रम बारा वर्षे चालला. १९१० मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली. तेव्हा ट्रिनिटी कॉलेजने त्यांना फेलो करून घेतले आणि अध्यापनाच्या या ओझ्यातून मोकळे केले.

या ओढाताणीच्या वर्षांतच त्यांची काही उत्तम कामे झाली, हे विशेष. त्यांतील १९०७ चे काम मला सर्वांत देखणे वाटते. स्नायूत लॅक्टिक आम्ल केव्हा तयार होते, यावर तेव्हा अहवालांचा नुसता गोंधळ होता, कारण मोजमापासाठी स्नायू कापला-कुटला की त्या धक्क्यानेच त्यात आम्ल तयार होई आणि संशोधक स्वतःच निर्माण केलेली गोष्ट मोजत बसत. हॉपकिन्स आणि वॉल्टर मॉर्ली फ्लेचर यांनी बेडकाचे स्नायू आधी बर्फासारखे गार केले आणि मग थंडगार अल्कोहोलमध्येच कुटले, म्हणजे आतल्या क्रिया जिथल्या तिथे थांबतील. चित्र एकदम स्वच्छ झाले. विश्रांत स्नायूत हे आम्ल अत्यल्प असते, प्राणवायूविना काम करताना ते साचते आणि प्राणवायू मिळाला की नाहीसे होते. स्नायूंच्या रसायनावरील पुढचे संशोधन या पायावर उभे आहे.

आहारावरचे काम याच सुमारास सुरू होते. एडिथ विलकॉक यांच्यासह त्यांनी उंदरांना प्रथिन म्हणून केवळ मक्यातील झाइन दिले, तेव्हा ते तगेनात. झाइनमध्ये नसलेले ट्रिप्टोफॅन मिसळल्यावर ते अधिक काळ जगले. म्हणजे प्रथिन किती, एवढेच नव्हे तर कोणते, हाही प्रश्न होता. १९१२ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी वाढीच्या वयातील आठ-आठ नर घुशींचे दोन गट घेतले. दोन्ही गटांना शुद्ध केलेले केसीन हे दुधातील प्रथिन, पिष्ट, साखर, चरबी आणि क्षार हाच आहार होता, फक्त एका गटातील प्रत्येकीला रोज ३ घनसेंटीमीटर दूध मिळे. दुधाचा गट वाढत राहिला, दुसरा खुंटला. अठराव्या दिवशी दूध एका गटाकडून काढून दुसऱ्याला दिले, तर वाढीच्या रेषाही उलट्या झाल्या. इतक्या थोड्या दुधातील उष्मांकांनी हा फरक पडणे शक्य नव्हते; म्हणजे वाढीला अत्यल्प प्रमाणात लागणारे आणखी काही त्यात होते, ज्याला आपण आज जीवनसत्त्वे म्हणतो. याच कामासाठी १९२९ मध्ये त्यांना ख्रिस्तियान आइकमान यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात हॉपकिन्स यांनी निकोलाय लुनिन आणि पेकेलहारिंग या आधीच्या संशोधकांचे श्रेय मोकळेपणाने नोंदवले.

१९१४ मध्ये ते केंब्रिजचे जीवरसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. सर विल्यम डन यांच्या मृत्युपत्राच्या विश्वस्तांनी दिलेल्या २,१०,००० पौंडांतून नव्या संस्थेची इमारत उभी राहिली आणि १९२४ मध्ये ती सुरू झाली. पेशी म्हणजे सजीव द्रव्याचा एक गूढ गोळा नसून तिच्यात साध्या, ओळखता येणाऱ्या रेणूंच्या असंख्य क्रिया विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने क्रमवार चालतात, हा त्यांचा आग्रह होता आणि त्या चौकटीत ज्याला जे करावेसे वाटेल ते करण्याची मुभा होती. मार्जोरी स्टीफन्सन जिवाणूंचे रसायन पाहत, जोसेफ नीडहॅम गर्भाचे, डोरोथी नीडहॅम स्नायूंचे, रॉबिन हिल वनस्पतींचे, जे. बी. एस. हाल्डेन विकरांचे गणित मांडत. स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास केंब्रिज विद्यापीठ १९४८ पर्यंत तयार नव्हते, त्या काळात या विभागात स्त्रिया मोठ्या संख्येने संशोधन करत होत्या. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना फेलो केले, त्यांतील एक स्टीफन्सन होत्या.

आपल्या कमला सोहोनी, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, १९३७ मध्ये पोहोचल्या त्या याच ठिकाणी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला होता, हे सर्वज्ञात आहे. केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनातील प्रथिन असते हे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर केलेले काम मराठी वाचकांच्या ऐकण्यात असेल.

आलेल्यांना सामावून घेण्याची ही वृत्ती १९३३ मध्ये कसाला लागली. फ्रायबुर्ग विद्यापीठाने ज्यू म्हणून काढून टाकलेल्या हान्स क्रेब्स यांना हॉपकिन्स यांनी केंब्रिजमध्ये जागा दिली. बर्लिनहून आलेले अर्न्स्ट चेन यांनाही तिथेच आसरा मिळाला आणि ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी जीवरसायनतज्ज्ञ शोधत होते तेव्हा हॉपकिन्स यांनीच चेन यांची शिफारस केली. क्रेब्स यांचे सायट्रिक आम्लाचे चक्र (पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात तो क्रियाक्रम) आणि चेन-फ्लोरी यांचे पेनिसिलिन या दोन्ही कथांचा एक धागा या विभागातून जातो.

हॉपकिन्स यांची चूकही सांगण्यासारखी आहे. १९२१ मध्ये त्यांनी शोधलेले ग्लुटाथायोन हे पेशींतील संयुग दोन अमिनो आम्लांचे असल्याचे त्यांनी जाहीर केले होते. इतरांनी शंका घेतल्यावर त्यांनी ते स्फटिकरूपात मिळवून पुन्हा तपासले आणि ते तीन अमिनो आम्लांचे असल्याचे १९२९ मध्ये स्वतःच छापले. दुधाच्या प्रयोगाबाबतही अशीच शंका होती, कारण अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांना इतक्या थोड्या दुधाने तसा परिणाम मिळत नव्हता. हॉपकिन्स १९४३ मध्ये निवृत्त झाले, १६ मे १९४७ रोजी वारले. मधल्या काळात, १९४५ मध्ये, त्यांनी एका सहकाऱ्यासह याच प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला: आहारातील पिष्टावर वाढणारे आतड्यातील जिवाणू काही जीवनसत्त्वे स्वतःच पुरवतात आणि त्यामुळे थोडेसे दूधही पुरे पडते, असा त्यातील खुलासा होता.