कुणी हात ओढत नाही

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्टची सुट्टी येते आणि त्या शुक्रवारी सकाळपासून अकरा नंबरच्या ट्राममध्ये शिरणं मुश्कील होतं. माणसं फार असतात म्हणून नव्हे, घेर फार असतात म्हणून. एकेका झग्याला दीड-दीड सीट लागते. कुणाच्या डोक्यावर शिंगं, कुणाच्या हातात लेसची छत्री, कुणाच्या पायात वीतभर जाड तळाचे बूट. सगळं काळं. त्यातच भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एखाद्या आजीबाई शेजारच्या काळ्या ओठांच्या मुलाला विचारतात, "यंदा कुठून आलास?" तो म्हणतो मेक्सिकोहून. मग त्या त्याला कुठल्या स्टॉपवर उतरायचं, तंबूची जागा कुठल्या बाजूला, पाणी कुठे स्वस्त मिळतं, सगळं नीट समजावतात.

हे वेव्ह-गोटिक-ट्रेफेन. 1992 मध्ये कॉनेविट्झ भागातल्या आइसकेलर नावाच्या क्लबात सुरू झालेला हा गॉथ लोकांचा, म्हणजे काळे कपडे आणि काळोखी रॉक संगीत यांचं वेड असलेल्या पंथाचा, मेळा आता चार दिवस गावभर पसरतो. वीस हजारांच्या आसपास माणसं येतात. मनगटावर एकदा पट्टी बांधली की तीच ट्रामचं तिकीट. गाणी जुन्या जत्रेच्या मैदानावर होतात, तशी चर्चमध्ये ऑर्गनवरही होतात, आणि जिथे संगीतकार बाखने आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षं नोकरी केली त्या गावात याचं कुणाला नवल वाटत नाही.

मी इथे आले ती गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत. गॉथ हा शब्द पुण्यात ऐकलाच नव्हता असं नाही. कॉलेजात असताना एफसी रोडवर कवट्यांचे काळे टी-शर्ट मिळायचे, ते घालणारे दोन-तीन जण आमच्या वर्गात होते. पण ते मेटलवाले, म्हणजे कर्कश गिटारच्या रॉकचे. मेटल आणि गॉथ एकच, असं मी इथे एकदा जेवणाच्या टेबलावर म्हणून बघितलं आणि माझ्या शेजारणीने काटा खाली ठेवला.

ही शेजारीण म्हणजे या विषयातली माझी गुरू. पंचावन्नच्या आगेमागे वय, कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी, जिन्यात भेटली तर आधी कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक सांगणार. आमच्या दोघींच्या गॅलऱ्या लागून आहेत. तिच्या दोरीवर फक्त काळे कपडे वाळत असतात, आणि ते बघूनच मला पहिल्यांदा कळलं की काळा हा एक रंग नाही. चार धुण्यांनंतर एक काळा विटकरीकडे झुकतो, एक हिरवट होतो, मखमल करडी पडते, सुती कापड तर सरळ राखेचं होतं. कंबरेवर एक काळा आणि खाली दुसरा काळा असं बाहेर पडणं तिला मोजे वेगवेगळे घालण्याइतकं लाजिरवाणं वाटतं. म्हणून दर वर्षी मेळ्याच्या आधी एका शनिवारी ती सगळे कपडे पुन्हा रंगवते. सुती एका घाण्यात, व्हिस्कोस दुसऱ्या. लेस हाताने, बादलीत. पॉलिस्टर रंग धरत नाही म्हणून ती विकतच घेत नाही. रंग झाला की मशीनमध्ये एक जुना पंचा फिरवायचा, तो पांढरा बाहेर आला तरच मशीन साफ. हे सगळं ती मला इतक्या गंभीरपणे सांगत होती की मी वही आणावी की काय असं मला वाटलं.

हे कसब तिचं लहानपणचं. 1987 साली ती सोळा वर्षांची होती आणि पूर्व जर्मनीतल्या दुकानांत तिला हवे तसे काळे कपडे कुठून मिळणार! घरच्या पांढऱ्या चादरी तिने कपडे उकळायच्या भांड्यात काळ्या केल्या, त्यांचे झगे शिवले, आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. गाणी पश्चिमेकडच्या रेडिओवरून कॅसेटवर उतरवायची. बातम्यांचं बोलणं मध्ये यायचं, तेही गाण्याचाच भाग समजून पाठ व्हायचं. अशा पोरांना तिथे ग्रुफ्टी म्हणत, म्हणजे थडग्यातले. श्टाझी या गुप्त पोलीस खात्याने तर तरुणांचे प्रकार ओळखायला फोटोंचे तक्ते केले होते. पंक, स्किनहेड, हेवी मेटलवाले, आणि त्यांत हे ग्रुफ्टीसुद्धा. कॅसेट ऐकणाऱ्या आणि कब्रस्तानात फिरणाऱ्या पोरांची सरकारला एवढी धास्ती का वाटावी, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. 1988 च्या वालपुर्गिस रात्री, म्हणजे 30 एप्रिलला, पोट्सडामच्या टेकडीवर, बेल्व्हेडेरच्या पडक्या वास्तूत असे काही जण जमले. लाइपझिगच्या मेळ्याचं बीज तिथलं मानतात. मग भिंत पडली. 1990 च्या ऑगस्टमध्ये, दोन्ही जर्मनी एक व्हायच्या दोन महिने आधी, 'द क्युअर' हा इंग्लंडचा बँड, ते लाइपझिगला येऊन वाजवून गेले. शेजारीण त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली आणते. कराबद्दल बोलताना आणत नाही.

मेळ्याचीही एक गोष्ट ती सांगते, आणि ती तिची एकटीची नाही, गावाला ठाऊक आहे. 2000 साली मेळा चालू असतानाच आयोजकांचे पैसे संपले. पगार नाही म्हटल्यावर कामाची माणसं निघून गेली. एवढ्या गर्दीचं पुढे काय होईल असं कुणालाही वाटेल. पण बरेच बँड फुकट वाजवायला उभे राहिले आणि आलेल्या लोकांनीच जमेल ती कामं अंगावर घेतली. थडग्यातल्या म्हणवणाऱ्या मंडळींनी रांगा मोडल्या नाहीत.

संगीताबद्दल आमच्यात बरेच वाद झाले. माझी समजूत अशी की हे लोक किंचाळतात. नाही किंचाळत. बऱ्याच गाण्यांत चाल गिटारवर नसतेच, ती बेसवर असते. गिटार वरून नुसते थेंब टाकते आणि त्यांचा प्रतिध्वनी रेंगाळतो. गाणारा पुरुष असेल तर खर्जात. 1979 मध्ये इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनमधल्या बाऊहाउस या चौघांनी जी पहिली तबकडी काढली, तिच्यातलं गाणं नऊ मिनिटांच्या वर आहे, आणि जवळजवळ तीन मिनिटं गायक तोंडच उघडत नाही. पुढे 1982 मध्ये लंडनच्या सोहोत बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला आणि कपड्यांना वळण लागलं. लीड्सच्या 'सिस्टर्स ऑफ मर्सी'ने तर ड्रम वाजवायला माणसाऐवजी यंत्र ठेवलं आणि त्याला 'डॉक्टर अ‍ॅव्हलांच' असं नावही दिलं. तालमीला उशीर नाही, मानधन नाही, रुसवेफुगवे नाहीत. गंमत म्हणजे त्यांच्या गायकाला आपल्याला गॉथ म्हटलेलं मुळीच खपत नाही. या पंथाचे बहुतेक आद्यपुरुष आपण त्यातले नसल्याचं आयुष्यभर सांगत आले आहेत, आणि भक्त त्यांच्याकडे दुर्लक्ष करून नाचत आले आहेत.

नाचायला मी पहिल्यांदा गेले ती मोरिट्झबास्टाय या तळघरात. सोळाव्या शतकातल्या तटबंदीचा हा बुरूज. युद्धानंतर शहराचा राडारोडा त्यात भरून टाकला होता. सत्तरच्या दशकात विद्यापीठातल्या पोरांनी तो उपसून काढला. त्या फावडी धरणाऱ्यांत भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनीही होती, पुढे ती जर्मनीची चान्सलर झाली. आता आत विटांच्या कमानी, बुटक्या. उंच केसांच्या लोकांना मान वाकवावी लागते. दाराशी कोट जमा करायचा, बिल्ला घ्यायचा. ग्लासाचे पैसे अनामत भरायचे आणि परत देताना मोजून घ्यायचे. पाप-बिप काही घडणार असेल तर ते पावती घेऊनच, अशी व्यवस्था.

आत शिरल्याबरोबर धूर, आणि धुराच्या मागून एक वास. मी जागच्या जागी थांबले. मिरजेला माझी आजी अबोलीच्या वेणीत पाच नावाची सुगंधी पानं गुंफायची, तो वास. ओल्या मातीचा, किंचित कापरासारखा, जुन्या कपाटाचा. शेजारणीला विचारलं तर म्हणाली, पॅचुली, आमच्यातले अर्धे लोक तेच लावतात, ऐंशीच्या दशकापासून. अत्तरवाल्यांचं पॅचुली बहुतेक इंडोनेशियाचं आणि आपली पाच ही त्याची सख्खी चुलत बहीण, हे मी नंतर शोधून काढलं. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या त्या कसर लागू नये म्हणून याच पानांत बांधून, आणि तिथल्या बायकांना शालीइतकाच तो वासही आवडला. तिथून तो इथल्या तळघरापर्यंत कसा आला असेल तो असो. माझी मात्र पंचाईत झाली. चहूकडे कवट्या, क्रूस, रक्ताळलेले ओठ, आणि माझ्या डोळ्यांसमोर मिरजेची ओसरी.

आता नाच. आपल्याकडे नाच म्हणजे वरात. तुम्ही कडेला पर्स सांभाळत उभे असता, आणि कुणीतरी मामा किंवा आतेभाऊ येऊन मनगट धरतो. 'अगं ये की!' तुम्ही नाही म्हणता. तो ओढतो. तुम्ही हसत हसत नाही म्हणता. तो रुमाल दातांत धरून नागीण होतो आणि तुम्हाला पुंगी व्हावं लागतं. विसर्जनातही तेच. मला नाचायला आवडत नाही असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं.

इथे कुणी हात ओढत नाही. बोलावत नाही, बघतही नाही. प्रत्येक जण आपापली चौकट धरून तीन पावलं पुढे जातो, तीन मागे येतो, मान खाली, आणि हात वर करून छतावरची कोळिष्टकं काढल्यासारखे फिरवतो. हा विनोद त्यांचाच, माझा नव्हे. काही जण तर भिंतीकडे तोंड करून नाचतात. एवढ्या धुरात, एवढ्या घेरांत कुणी कुणावर आदळत नाही. चुकून कोपर लागलं तर गाणं थांबवल्यासारखं थांबून माफी मागतात. साठीचे एक गृहस्थ कानांत फोमचे बोळे घालून डोळे मिटून नाचत होते. गाणं संपलं, बोळे काढून डबीत ठेवले, बिअर संपवली, ग्लास परत केला, अनामत घेतली, गेले. मी खांबाला टेकून बराच वेळ बघत राहिले. मग कुठल्याशा गाण्यात, कधी ते कळलं नाही, मीही तीन पावलं पुढे गेले. शेजारणीने पाहिलं असणार. तिने ते अजून एकदाही बोलून दाखवलेलं नाही, आणि याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

लोक या मंडळींना मरणवेडी समजतात. मला ती लाजाळू माणसं वाटतात. एकटं राहायचंय पण घरी बसून नव्हे, अशा माणसांना गर्दीत राहूनही एकटं असण्याची सोय यांनी करून ठेवली आहे. एवढा भडक पेहराव कशाला मग, असा प्रश्न मलाही पडायचा. पण मुखवटा चढवला की माणूस मागे निवांत उभा राहू शकतो, हे दशावतार बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

बाहेरच्यांना हे दिसत नाही, आणि कधी कधी त्याची किंमत फार मोठी असते. 2007 साली इंग्लंडमधल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर नावाच्या वीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला एका टोळक्याने रात्री बागेत बेदम मारहाण केली, कारण काय तर त्यांचे कपडे. ती गेली. 2013 पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा पंथांच्या लोकांवरच्या हल्ल्यांची द्वेषाचे गुन्हे म्हणून नोंद घेतात. ट्राममधल्या आजीबाई बघताना मला हे आठवतं. सगळ्या गावांत अशा आजीबाई नसतात.

लाइपझिगमध्ये त्रास असलाच तर तो कॅमेऱ्यांचा. शुक्रवारी दुपारी क्लारा झेटकिन पार्कात व्हिक्टोरियन पिकनिक असते. हिरवळीवर गालिचे, चांदीची चहादाणी, काकडीची सँडविचेस, एखादी शवपेटी बसायला. पूर्वी म्हणे लोक खरंच खायचे. आता एका सँडविचमागे चार फोटोवाले. शेजारीण तिकडे जाणं सोडून दक्षिणेच्या मोठ्या कब्रस्तानात जाते, तिथे त्या सुमारास रोडोडेंड्रॉन फुललेले असतात आणि सावलीही असते. सावली महत्त्वाची. मेच्या अखेरीस इथे कधी कधी तिशी ओलांडते, आणि मखमलीचा कोट, कमरेला करकचून बांधलेला पट्टा, तोंडावर पांढरी पावडर असा सगळा सरंजाम उन्हात दोन तासांत ओघळतो. काजळ तर गालांवर येतं.

काजळावरून आठवलं. गेल्या खेपेला पुण्याला जाताना तिने यादी दिली: पसरणार नाही असं काजळ, आणि पाचेचं तेल मिळालं तर. आई सामान भरत होती. मी काळे कपडे घालून व्हिडिओ कॉल केला की 'तिकडे रोजच संक्रांत का गं?' असं विचारणारी माझी आई. तिला यादीतलं काजळ पंचावन्न वर्षांच्या बाईसाठी आहे कळल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि स्वतःची, एकदाच नेसलेली काळी चंद्रकळा घेऊन आली. इंदुरी आहे, काठ जरा भारी आहेत, चालेल ना तिला, म्हणाली. मी म्हटलं, आई, ती काठ झाकून टाकेल. "झाकू दे," आई म्हणाली, "पण तिला सांग, पहिल्या धुण्याला मीठ घाल म्हणावं. आणि मशीनमध्ये अजिबात नाही."