करारावर सही कोणाची आणि भाडे कोणाचे

यंदा भाचीला नागपुरात प्रवेश मिळाला आणि तिच्यासाठी व तिच्या तीन मैत्रिणींसाठी घर शोधण्याचे काम माझ्याकडे आले. रामनगर, गोकुळपेठ, बजाजनगर असे चार दिवस पायपीट केल्यावर एका घराचा वरचा मजला पसंत पडला. मालक खालीच राहतात. भाडे, डिपॉझिट, नळाची वेळ, गाडी कुठे लावायची, हे सगळे मुलींनी नीट विचारून घेतले. करारावर कोणाकोणाची नावे असणार, हे मात्र एकीनेही विचारले नाही. २००९ साली मीही ते विचारले नव्हते आणि त्याची किंमत मला मोजावी लागली, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

साकोलीहून आम्ही चौघे शिकायला आलो तेव्हा त्रिमूर्तीनगरात ६,००० रुपये भाड्याने घर घेतले होते. कराराच्या वेळी बाकीचे तिघे म्हणाले, "तूच कर ना सही, काय फरक पडते?" आणि मी एकट्याने सही केली. जानेवारीत आमच्यातल्या एकाने शिक्षण सोडले आणि तो गावी परतला. दोन महिने आम्ही तिघांनी प्रत्येकी १,५०० ऐवजी २,००० रुपये भरले. पुढे उरलेल्या दोघांना ते जड होऊ लागले आणि त्यांनी हात आखडता घेतला. घरमालकीण काकू मायाळू होत्या, पण व्यवहाराला पक्क्या होत्या. घर तुझ्या नावाने दिले आहे, तेव्हा पूर्ण भाडे मी तुझ्याकडेच मागणार, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. वडिलांनी धान विकून आलेल्या पैशातून ती तूट भरली. तेव्हा मला काकूंचा फार राग आला होता. आज तो कागद काढून वाचतो तेव्हा त्यांचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही.

चौघांच्याही सह्या असत्या तर काय झाले असते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार अनेकांनी मिळून एखादे वचन दिले असेल आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर समोरचा माणूस त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून ते संपूर्ण वचन पुरे करून घेऊ शकतो. मात्र ज्याने सगळ्यांचे भरले त्याला इतरांकडून त्यांचा सारखा वाटा वसूल करण्याचा हक्क मिळतो. म्हणजे 'माझ्या वाट्याचे मी दिले' हे उत्तर मालकाला देता येत नाही, पण निघून गेलेल्या मित्राकडे हक्काने पैसे मागता येतात. माझ्याकडे तो हक्क दाखवणारा कागदच नव्हता. म्हणून भाचीला मी दोन गोष्टी करायला लावल्या. कराराच्या मसुद्यात चौघींची नावे घातली, आणि आपसात वेगळा कागद करून मध्येच घर सोडणारीने दोन महिने आधी सांगावे, नाही तर मालकांना चालेल अशी दुसरी मुलगी आणून द्यावी, असे लिहून घेतले. मैत्रीत असले कागद कशाला, असे एका मुलीची आई म्हणाली. माझी मैत्री तो कागद नसल्यामुळे तुटली, हे मी त्यांना सांगितले.

नोंदणीबद्दलही आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की काम झाले, असे मालक आणि विद्यार्थी दोघेही धरून चालतात. अकरा महिन्यांची ही प्रथा वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, या जुन्या नियमातून आली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने मात्र मुदत कितीही असली तरी लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राहणाऱ्यालाही याच कायद्याने बांधले आहे: मुदत संपल्यावर घर रिकामे केले नाही, तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. परीक्षा लांबली म्हणून आणखी महिनाभर तसेच राहू, असे मनाशी ठरवणाऱ्यांनी त्या महिन्याचे आधीच लेखी करून घ्यावे.

कागदाइतकेच महत्त्व घर वापरण्याला आहे, आणि तिथे आम्ही उरलेले तिघेही सारखेच चुकलो. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, त्यामुळे इथल्या भाड्याच्या घराची खिडकी म्हणजे कूलरची जागा. मे महिन्यात परीक्षा संपताच आम्ही घाईने गावी गेलो आणि कूलरची टाकी भरलेली तशीच राहिली. जुलैत परत आलो तेव्हा काकूंनी आधी आम्हाला खालच्या खोलीत नेले आणि टॉर्चचा उजेड भिंतीवर टाकला. खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत ओल उतरली होती, चुन्याचे पोपडे देव्हाऱ्यावर पडले होते. वर जाऊन पाहिले तर टाकीचा पत्रा गंजून तळापासून बोटभर वर करंगळीएवढे भोक पडले होते, वाळ्याच्या ताट्या काळ्या पडल्या होत्या, आणि तळाशी साचलेल्या बोटभर पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणूनच आठवड्यातून एकदा कूलर कोरडा करायला सांगतात. खाली काकूंची दोन वर्षांची नात झोपत होती. डिपॉझिटमधून भिंतीचा आणि पत्र्याचा खर्च त्यांनी कापला, कॅलेंडरच्या पानामागे एक-एक रक्कम मांडून दाखवली. वापराने रंग फिका होणे वेगळे आणि निष्काळजीपणाने भिंत खराब होणे वेगळे. पहिल्याचे पैसे मालकाने कापू नयेत, दुसऱ्याचे आपणहून द्यावेत, असे माझे मत आहे.

विजेचा हिशेबही आधी ठरलेला बरा. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, तीनशे युनिटच्या पुढे प्रत्येक युनिट आणखी महाग पडते, आणि दोन कूलर दिवसरात्र चालले की बिल त्या टप्प्यात जायला वेळ लागत नाही. मुलींनी घर ठरले त्याच दिवशी मीटरचे रीडिंग, भिंती, नळ आणि खिडकीच्या काचा यांचे फोटो काढून मालकांना पाठवले. मालकांना ते आवडले. आजवर कोणी भाडेकरूने असे केले नव्हते, असे ते म्हणाले.

आता एकच अडचण राहिली आहे. चौघींपैकी एकीला अठरा वर्षे सप्टेंबरमध्ये पूर्ण होतात, आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीचा करार कायद्याने टिकत नाही. तिच्या जागी तिच्या वडिलांची सही आणि नोंदणीच्या यंत्रावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा लागेल. ते अहेरीला असतात आणि धानाची रोवणी उरकल्याशिवाय त्यांना निघता येणार नाही. तोवर मुली मावशीकडे राहत आहेत आणि वरच्या मजल्याची किल्ली मालकांकडेच आहे.