‘असे म्हटले जाते’ : एका फलकाचे अकरा आठवडे

हवामान बदलावर एक फलक लिहून द्यायचा होता. माणसाच्या उंचीचा, जेमतेम दीडशे शब्दांचा. एका सार्वजनिक संस्थेच्या प्रदर्शनात तो लागणार होता. होकार देताना मनात हिशेब होता, दीडशे शब्द म्हणजे दोन संध्याकाळी. लागले अकरा आठवडे, आणि त्यातले नऊ एका वाक्यापायी.

चित्रं, मांडणी, छपाई सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते मजकुराच्या मंजुरीला.

मंजुरीसाठी एक फॉर्म होता. दुसऱ्या पानावर रकाना: ‘मजकूर वादग्रस्त आहे काय? होय / नाही.’ मी बेधडक ‘नाही’वर खूण केली. तीन आठवड्यांनी कागद परत आला. माझं वाक्य होतं, ‘पृथ्वी तापते आहे आणि ती माणसामुळे तापते आहे, हे निर्विवाद आहे.’ ‘निर्विवाद’भोवती लाल गोल, आणि समासात शेरा: ‘असे म्हटले जाते’ हे शब्द घालावेत.

मी तो शेरा चारदा वाचला. ‘असे म्हटले जाते’! कोण म्हणतं ते सांगायला नको, खरं की खोटं तेही सांगायला नको. पडक्या वाड्यात भूत आहे, असंही म्हटलं जातंच की.

मग मी तेच केलं जे या विषयावर बोलणारा प्रत्येक जण चिडला की करतो. आणखी माहिती पाठवली. चांगलं तीन पानी पत्र. त्यात आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या, अहवालांची भाषा वर्षागणिक कशी पक्की होत गेली, ते तक्त्यात मांडलं. १९९५ साली त्यांनी म्हटलं, एकूण पुराव्याचा कल पाहता माणसाचा ठसा ओळखू येतो. २००१ साली ‘बहुधा’, म्हणजे त्यांच्या मोजपट्टीवर ६६ टक्क्यांहून जास्त शक्यता. २००७ साली ९० टक्क्यांहून जास्त, २०१३ साली ९५ टक्क्यांहून जास्त. आणि २०२१ च्या अहवालात थेट ‘निर्विवाद’. शब्द माझा नव्हताच, तिथूनच उचललेला. तक्ता इतका झकास जमला होता की पाठवण्याआधी मी तो घरातल्यांना दाखवला.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. एकच ओळ: ‘म्हणजे पूर्वी तज्ज्ञांना खात्री नव्हती. शेरा कायम.’

त्या दिवशी मी कुणाशी धड बोललो नाही. रागात एक गोष्ट नंतर लक्षात आली: ज्या तक्त्यातून मला ‘खात्री वाढत गेली’ असं दिसत होतं, त्यातूनच समोरच्याला ‘खात्री नव्हती’ असं दिसलं. आणि त्याचं वाचन चूक होतं असंही म्हणता येत नाही.

इथे मध्येच एक सांगून टाकतो, खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. ‘हवामान’ हा शब्दच आपल्याला दगा देतो. भूगोलाच्या पुस्तकात ‘हवा’ म्हणजे आजची, आत्ताची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घ काळाची सरासरी, साधारणपणे तीस वर्षांची. पण बोलताना उद्याच्या पावसालाही आपण हवामानाचा अंदाजच म्हणतो. मग ‘हवामान बदलतंय’ म्हटलं की ऐकणारा म्हणतो, ते तर रोजच बदलतं. बिचारा बरोबरच बोलतो! ‘तीस वर्षांची सरासरी’ हे तीन शब्द पहिल्या ओळीतच टाका, पुढची अर्धी वादावादी टळते.

आणि ‘सकारात्मक प्रतिसाद’ चुकूनही लिहू नका. समुद्रावरचा बर्फ वितळला की खालचं गडद पाणी उघडं पडतं, ते ऊन जास्त शोषतं, त्या उष्णतेने आणखी बर्फ वितळतो. शास्त्राच्या परिभाषेत याला ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ म्हणतात, त्याचा मी शब्दशः तर्जुमा केला होता. बहिणीने कच्चा मजकूर वाचला आणि म्हणाली, “चला, काहीतरी चांगलंही होतंय म्हणायचं.” तिथल्या तिथे खोडून ‘दुष्टचक्र’ केलं.

तर पुन्हा शेऱ्याकडे. दुसऱ्या फेरीत आणखी एक लाल गोल वाढला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल, याचा सर्वोत्तम अंदाज ३ अंश सेल्सिअस, आणि संभाव्य पल्ला २.५ ते ४ अंश. मी फक्त पल्ला दिला होता आणि पुढे प्रामाणिकपणे ‘यात अनिश्चितता आहे’ असंही जोडलं होतं. शेरा: ‘नक्की आकडा द्यावा. अनिश्चित असल्यास वगळावे.’

इथे मात्र, राग बाजूला ठेवून सांगतो, चूक माझी होती. प्रयोगशाळेत अनिश्चितता म्हणजे मोजमापाचा पल्ला. रस्त्यावरच्या माणसाला तो शब्द ऐकू येतो ‘यांना काही माहीत नाही’ असा. ‘फार करून’ वगैरे नुसते शब्द दिले तर वाचक शक्यता मुळात आहे त्याहून बरीच कमी धरतात, आणि शब्दाशेजारी आकडा छापला की ती चूक कमी होते, हे वाचकांवर तपासून पाहिलेलं आहे. मी वाक्य फिरवलं: ‘सुमारे ३ अंश, बहुधा २.५ ते ४ च्या दरम्यान.’ हा गोल लगेच निघाला. ‘निर्विवाद’चा निघेना.

शेरे मारणाऱ्या अधिकाऱ्यांना तीन फोन केले. दोनदा ‘सर जागेवर नाहीत’, एकदा ‘फाइल वर गेली आहे’. वर म्हणजे कुठे, ते कळलं नाही. शेवटी नवव्या आठवड्यात सरळ जाऊन बसलो. पिशवीत आणखी अकरा पानं पुरावा होता.

सर निघाले शांत, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. मी पानं काढायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाले, “अहो, मला पटलंय. तुमचा तक्ता मी घरी नेऊन वाचला. पण फलक लागल्यावर तुम्ही तिथे नसणार. चौकशीच्या खिडकीवर आमच्या ऑफिसातला एक मुलगा बसतो. कुणी येऊन भांडायला लागलं तर त्याने काय सांगायचं? ‘असे म्हटले जाते’ असलं की तो सुटतो.”

नऊ आठवडे मी ज्या प्रश्नाचं उत्तर देत होतो, तो त्यांनी विचारलाच नव्हता. त्यांना विज्ञानाची शंका नव्हती, खिडकीची काळजी होती. पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, “लोक काय काय विचारतील असं वाटतं तुम्हाला?”

डोळे मिटून त्यांनी धडाधड सहा प्रश्न सांगितले. मी उतरवून घेतले. त्या सहांत माझ्या फलकाने एकाचंही उत्तर दिलं नव्हतं.

एक होता, “सूर्यच जास्त तापत नसेल कशावरून?” याचं उत्तर मला फार आवडतं. सूर्य कारण असता तर हवेचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर गार होतोय. उष्णता खालीच अडकतेय. दुसरा, “दीड अंशाने असं काय होतं?” दुपार आणि पहाट यांत याहून जास्त फरक पडतो, हे खरंच आहे. पण हा आकडा अख्ख्या पृथ्वीच्या सरासरीचा. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात ती सरासरी औद्योगिक काळापूर्वीपेक्षा जेमतेम ५ ते ७ अंशांनी कमी होती, आणि तेवढ्यात उत्तरेच्या खंडांवर किलोमीटरच्या वर जाडीचा बर्फ साठला होता. तिसरा, “हवेतला वायू मोजला कुणी?” अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग भरले, आता ४२० च्या वर. त्याआधीचं, बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांतून कळतं. औद्योगिक काळापूर्वी २८० च्या आसपास.

प्रत्येक उत्तर तीन ओळींच्या वर जाऊ द्यायचं नाही, अशी सरांची अट. ती माझ्या कुठल्याही हुशारीपेक्षा उपयोगी पडली. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. जिथे माझा श्वास तुटला तिथे त्यांनी पेन्सिलने रेघ मारली.

उत्तरांचा तो एक कागद खिडकीत ठेवायचं ठरलं आणि ‘निर्विवाद’ राहिला. फक्त त्याच्या आधी ‘मोजमापांवरून’ असा शब्द आला, जो मलाच आधी सुचायला हवा होता. कोण म्हणतं, तर मोजमापं म्हणतात.

अर्थात नवा फॉर्म भरावा लागलाच. तोच रकाना: वादग्रस्त आहे काय? मी पुन्हा ‘नाही’. पुढे सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘उत्तरे सोबत जोडली आहेत.’ त्यावर मंजुरी पाच दिवसांत. म्हणून कुणाला असा मजकूर लिहायचा असेल तर पहिल्याच दिवशी शोधून काढा, फलकाखाली उभं राहून बोलणी कोण खाणार आहे. त्याच्याशी अर्धा तास बोला, मग पहिली ओळ लिहा. आणि तक्ते घरी ठेवा. (माझा तक्ता अजूनही झकास आहे, पाहिजे असेल तर देईन.)

प्रदर्शन उघडलं त्याच दुपारी सरांचा फोन. खिडकीवर पहिलाच प्रश्न आला होता आणि तो सहांपैकी नव्हता: “ते ओझोनच्या छिद्राचं काय झालं?”

म्हटलं, ते वेगळं प्रकरण. तापमानवाढीचं मुख्य कारण ते नव्हे. ओझोन विरळ करणाऱ्या रसायनांवर १९८७ च्या माँट्रियल कराराने लगाम घातला आणि तो थर आता हळूहळू सावरतोय.

“थांबा, थांबा, लिहून घेतो,” सर म्हणाले. पलीकडून पेन्सिलचा आवाज आला. “सातवा प्रश्न. तीन ओळींत बसलं.”

सातव्याची मंजुरी कुणी दिली, ते मी विचारलं नाही.