हॉर्न टेलिस्कोप, नोंद ७: डबा चकाचक, स्पर जागेवरच

दोन आठवडे काही लिहिलं नाही, कारण १४२०.४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे माझा गच्चीवरचा रेडिओ टेलिस्कोप अवकाशातल्या हायड्रोजनचा जो सिग्नल ऐकतो त्याच्या, अगदी कुशीत बसलेला तो मेला स्पर, म्हणजे माझ्याच उपकरणांतून येणारा खोटा सिग्नल. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे म्हटलं होतं, रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) धातूच्या डब्यात गेले की विषय संपला. नाही संपला.

डबा वागळे इस्टेटमधून करून घेतला. २ मिमी ॲल्युमिनियम, कडा सुबक. कारागीर म्हणाला, "साहेब, पावडर कोटिंग करू? पावसात टिकेल." मी मान डोलावली. तिथेच माती खाल्ली.

गच्चीवर लावला, तर स्पर जेमतेम ३ डीबी, म्हणजे निम्म्यावरच, खाली. दिवाळीच्या चकल्यांचा पत्र्याचा डबा याहून बरा होता! आधी पत्र्याच्या जाडीवर संशय घेतला. पण या फ्रिक्वेन्सीला ॲल्युमिनियममधली स्किन डेप्थ (लाट धातूत शिरते ती खोली) असते सुमारे २ मायक्रॉन, स्वयंपाकघरातली फॉइलसुद्धा तिच्या कित्येक पट जाड. शेजारचे काका म्हणाले, "शिसं लाव, एक्स-रेवाले लावतात तसं." काका, एक्स-रे अडवायला जड अणू लागतात. रेडिओला लागतो चांगला वाहक, आणि त्यात शिसं तांब्याच्या पार मागे.

शनिवारी रात्री वैतागून झाकणावर तळहात दाबला. स्क्रीनवर स्पर खाली! हात काढला, वर. पुन्हा दाबला, खाली. बायको वर बोलवायला आली तेव्हा मी डब्यावर दोन्ही हात ठेवून एकटाच हसत होतो.

म्हणजे गळती फटीतून. खातरी करायला आईच्या कुकरमध्ये फोन ठेवून झाकण लावलं, खणखणीत वाजला. इतकं जाड भांडं, पण कडेने गोल रबराची रिंग, म्हणजे रेडिओच्या दृष्टीने अख्खी फट. माझ्या डब्याचंही तेच: मल्टिमीटर झाकण आणि खोक्यात बीपच देईना. रंगाचा थर पक्का इन्सुलेटर. स्क्रू फक्त चार कोपऱ्यांत, मधली फट १७ सेंमी. आपली अर्धी तरंगलांबी १०.५ सेंमी, आणि त्याहून लांब फट लाटा सहज बाहेर सोडते. मी सुबक स्लॉट अँटेना बनवून घेतला होता, तोही पैसे मोजून.

पॉलिश पेपरने काठ घासून उघडे केले. लॅमिंग्टन रोडवरची स्वस्त कॉपर टेप आणली, तर तिचा गोंदच वाहक नाही. घ्यायच्या आधी विचारा. शेवटी जुन्या आरजी-५८ केबलची कल्हई केलेली जाळी सोलून काठावर बसवली आणि दर २ सेंमीवर स्क्रू. स्पर नॉइज फ्लोअरमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या कायमच्या खरखरीत, गडप! यूएसबी केबल बाहेर पडते तिथे अजून बारीक कुरकुर आहे, तिला फेराइट (केबलवरचा गोंगाट शोषणारी कडी).

नवी पंचाईत म्हणजे बंद डब्यात रास्पबेरी पाय तापतोय. मोठी हीट सिंक मागवणारच होतो, पण हे लिहिता लिहिता खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश आठवल्या. ४५ मीटरच्या त्या डिश जाळीच्याच आहेत, आणि २१ सेंमीच्या लाटेला ती जाळी जवळजवळ अखंड पत्र्यासारखीच. मग मी पत्रा का बंद ठेवू? तळाला ५ मिमीची गोल भोकं पाडतो. लांब चिरा नकोत, तो धडा शिकलोय. रविवारी ड्रिल मशीन मागून आणतो. रात्री ढग असले तरी ड्रिफ्ट स्कॅन, म्हणजे टेलिस्कोप स्थिर ठेवून आकाश समोरून सरकू द्यायचं.